दंडावरचं बीपी

अजूनही आई दोन पायऱ्या चढून थांबली की मी आधी तिचे ओठ बघतो.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी बॉयलर सांभाळतो. गेज बघायचा आणि दाब सांगायचा, हेच काम. त्यामुळे दाब या विषयावर मला कोणी शिकवू नये, अशी माझी घमेंड होती. आईच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलाय हे कळलं, तेव्हा डॉक्टरांचं मी अर्धंच ऐकलं. गोळी दाबाची, एवढंच डोक्यात बसलं. बीपीचं मशीन आणलं आणि दर रविवारी तिच्या दंडाला पट्टा बांधू लागलो. आकडा कमीच यायचा.

"आई, बीपी एकदम ओके आहे. गोळी बंद कर, उगाच चक्कर येईल."

"डॉक्टरला विचार ना एकदा."

"त्यात काय विचारायचं? मशीन खोटं बोलतं काय?"

कॅम्प तीन या वस्तीतल्या आमच्या घरी आई शिवून आलेल्या जीन्सचे सुटे धागे कापायची. गोळी बंद केल्यावर दोनेक आठवड्यांत तिचे पाय सुजले, बसल्या जागी धाप लागायला लागली. "जिन्याला कोणी पायऱ्या वाढवल्या काय रे?" असं ती हसत विचारायची. एका सकाळी तिचे ओठ निळे दिसले. रिक्षात तिला धरून बसलो होतो.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावल्यावर डॉक्टरांनी मला पुन्हा समजावलं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर एंडोथेलिन नावाचा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, तयार करतं. तो जास्त झाला की वाहिनी आवळते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीलाही तो डिवचतो. त्या ग्रंथीचं संप्रेरक वाढलं की मीठ-पाणी अंगात साठतं. गोळी एंडोथेलिनला वाहिनीच्या भिंतीवर बसू देत नाही. आणि फुप्फुसातला दाब दंडावर कळत नाही.

वाफेच्या एका लाइनचा गेज बघून दुसरीचा दाब कोणी सांगितला असता, तर कारखान्यात मी त्याला शिव्या घातल्या असत्या.

"गोळी बंद कोणी केली?" डॉक्टरांनी विचारलं.

आईने मास्क बाजूला केला. "मीच विसरले हो, डॉक्टर."

"जीव नकोसा झालाय का, मावशी?"

मी तोंड उघडलं, तर तिने माझा हात दाबला. तिची बोटं गार पडली होती. ती मरेल या भीतीने आणि लाजेने मी तोंड पुन्हा मिटलं. माझ्या वाटची बोलणी ती धापा टाकत खात होती, आणि मी तिचा मास्क जागेवर बसवत होतो.