मुंबईहून परत आलेलं पापलेट

मुंबईशी माझं भांडण आहे. मुंबईला ते माहीत नाही, हा भाग वेगळा. मी मात्र माझ्या बाजूनं ते इमानानं चालवत आलोय. चिंचणीच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडं तोंड करून मी जेवढ्या शिव्या घातल्यात, तेवढ्या वाऱ्यानं नीट पोचवल्या असत्या तर ते शहर लाजेनं केव्हाच समुद्रात उतरलं असतं.

कारणं हवीत? आमच्या डोक्यावरून विजेच्या तारा जातात, इतक्या जाड की त्यांच्यावर कावळा बसला तर घार होऊन उठतो. खाली आमचा पंखा मात्र भर दुपारी दमून थांबतो. धरणाचं पाणी नळात बसून शहराकडं जातं, वाटेत थांबून कसं काय विचारत नाही. भात कापून झालं की डोंगरातली माणसं त्याच दिशेनं जातात, इमारती बांधायला. चिकू जातो, भाजी जाते, मोगरा जातो. मग आम्हाला वेगळा जिल्हा मिळाला. कोळगावला मुख्यालय उभं राहिलं, एवढं भव्य की पहिल्यांदा आत गेलो तेव्हा बाहेर पडायची वाट शोधता शोधता माझी दाढी वाढली. म्हटलं, आता तरी मुंबई जरा दबून वागेल. काही नाही. तिनं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

पण ही सगळी चारचौघांत सांगायची कारणं. खरं कारण एकच. मुंबईनं माझी बाय नेली.

बाय म्हणजे माझी मोठी बहीण. आई मासळीची पाटी घेऊन गावोगाव फिरायची, त्यामुळं मला वाढवलं ते बायनं. मला कडेवर घेऊन ती वाळूतून अशी धावायची की खेकडे बाजूला होऊन रस्ता द्यायचे. तिचं लग्न झालं, ती मुंबईला गेली, आणि मला वाटलं बाजारात गेलीय, दिवेलागणीला येईल. मी ओट्यावर बसून राहिलो. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

आता भावोजी गेले. भाचा परदेशात असतो. बाय उपनगरात, उंच इमारतीत एकटी. आपल्या आईनं एकटं राहू नये, असं भाचा म्हणू लागला आणि माझ्या भांडणाला इतक्या वर्षांनी धार आली. बायला परत आणायची. मुंबईनं नेलेलं काहीतरी एक तरी परत आणायचं.

मी फोनवर प्रचार सुरू केला. म्हटलं, बाय, इथं मासळी एवढी ताजी की वाळत घातलेले बोंबील दोन दिवस आपापसात बोलत असतात. म्हटलं, सकाळी दार उघडलं की पापलेट पायरीवर बसलेलं असतं, विचारतं, आज तळणार की कालवण. बाय हसायची. हसता हसता गप्प व्हायची. त्या गप्प होण्यावर मी फार आशा ठेवली होती. मग एकदा ती म्हणाली, "चार दिवस येऊन बघते. करमलं तर ठरवू."

करमलं तर. हे दोन शब्द घेऊन मी बोईसरला कामावर गेलो.

आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये एक टेबल आहे, तिथं मुंबई रोज दुपारी हरते. कुंभवलीत खोली घेऊन राहणारा खानदेशातला फिटर म्हणतो, केळी आमची आणि तोरा त्यांचा. नागपूरकडचा म्हणतो, संत्रं आमचं, रस त्यांचा. मी मासळी, पाणी आणि वीज असे तीन हुकूम एकदम टाकतो. डाव जिंकून आम्ही हात धुतो आणि मग एकमेकांना मोबाईलवर फोटो दाखवतो. कुणाचा मुलगा मुंबईत नोकरीला लागलाय, कुणाच्या मुलीला तिथल्या कॉलेजात जागा मिळालीय.

त्या दिवशी मी सांगितलं, माझी बहीण मुंबई सोडून इकडं राहायला येतेय. उलटा जाणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

"जेवायला काय करणार?" फिटरनं विचारलं.

"पापलेट. दुसरं काय?"

इथं आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. बापूस होडी घेऊन जायचा तेव्हापासून वाटणी ठरलेली. पापलेट मुंबईचं, मांदेली आपली. पापलेट होडीतून थेट पेटीत, पेटीतून बर्फात, बर्फातून ट्रकमध्ये. ते आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलंच नाही. घरी यायची ती तळाला उरलेली बारीक मासळी, जिला बर्फ लावणंही परवडत नाही. त्यामुळं पापलेट म्हणजे मान, हे आमच्या डोक्यात पक्कं. मुंबईचं माणूस जेवायला येणार आणि ताटात मांदेली? बापूस फोटोतून उतरला असता.

ती यायची त्या सकाळी मी किनाऱ्यावर गेलो. होड्या लागलेल्या, पेट्या भरलेल्या. एका ओळखीच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, म्हटलं, दोन मोठी पापलेटं काढ.

"नाय रं दादा. सगल्या पेट्या मुंबईच्या. व्यापारी उभा हाय."

"माझी बहीण येतेय मुंबईहून."

"मग तिला तितंच मिलली असती की."

पुढच्या होडीवर तेच, त्याच्या पुढच्या होडीवर तेच. शेवटी रिक्षा करून बोईसरच्या बाजारात गेलो. तिथल्या मावशीनं थर्माकोलचा डबा उघडला आणि आत काय पापलेट होतं, माझ्या दोन्ही हातांत मावेना. मी अंदाजानं सांगतोय, पण त्याला आडवं झोपवलं असतं तर डोक्याखाली उशी द्यावी लागली असती.

"कुठलं हाय हे?" मी विचारलं.

"एक नंबर माल हाय," मावशी अभिमानानं म्हणाली. "मुंबईहून आलाय."

मी तिच्याकडं पाहिलं, पापलेटाकडं पाहिलं. पापलेटानं नजर चुकवली असं मला वाटलं. हे आमच्याच समुद्रातून निघालेलं, ट्रकनं मुंबई बघून, तिथल्या घाऊक बाजारात भाव ठरवून घेऊन पुन्हा बोईसरला उतरलेलं. मी ते घेतलं. घरी आणल्यावर बायकोनं वास घेतला आणि म्हणाली, "तुमच्यापेक्षा जास्त मुंबई यानं बघितलीय."

दुपारी बाय आली. भाच्यानं तिकडून गाडी ठरवून दिली होती. ती उतरली, दारात थांबली, चौकटीवरून हात फिरवला. केस पांढरे झालेले. कडेवर मी मावलो नसतो, पण ती उचलून घेईल असं वाटलं खरं.

जेवायला बसलो. मी पापलेटाची स्तुती सुरू केली. पहाटे माझ्या डोळ्यांदेखत जाळ्यातून काढलं, जिवंत होतं, मला नमस्कार घातला, वगैरे. बायनं पहिला घास घेतला. हळूहळू चावला.

"कुठल्या बाजारातलं?" ती म्हणाली.

बायको पदराआड हसली.

"बाय, चिंचणीचं हाय."

"असेल. पण मुंबईला जाऊन आलंय. असलं मी तिथं दर आठवड्याला खाते रे." तिनं ताट जरा पुढं सरकवलं. मग एकदम, इतक्या वर्षांची मुंबईची बोली बाजूला ठेवून म्हणाली, "मला मांदेली पायजे. बापूस आनायचा ती. तीच खायला आली मी."

मी घासासकट थांबलो. जे मुंबईला कधीच पाठवलं नाही, ते तिला हवं होतं. आणि मी तिला तिच्याच बाजारातलं वाढलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं किनाऱ्यावर गेलो. तांडेलानं पाटीच्या तळातून ओंजळभर मांदेली काढून दिली आणि म्हणाला, "ही कोन खातं आता? ही तर कोंबड्यांच्या खाद्याला जाते." बायनं ती पदरात घेतली. माझ्या बायकोनं साफ करायला मागितली तर दिली नाही. बांगड्या वर सारून, विळी पायाखाली दाबून ती स्वयंपाकघरात खाली बसली आणि एकेका मांदेलीचं डोकं उडवत गेली. आईसारखीच मान तिरकी. त्या दिवशी ती तांदळाच्या भाकरीबरोबर इतकं जेवली की भाकऱ्या थापता थापता बायकोच्या हाताच्या रेषा बदलल्या. मला वाटलं, जिंकलो. मनातल्या मनात मी मागची खोली रंगवून घेतली, तिथं तिचा पलंगही टाकला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती. रस्त्यानं माणसं जात होती. कारखान्यातून सुटलेली, बरीचशी बाहेरून आलेली, हिंदीत बोलणारी. गावचीही होती, पण तरणी. एक पोरगी थांबली, माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, पाहुण्या आल्यात वाटतं?"

बाय हसली. पोरगी गेल्यावर म्हणाली, "माझ्या बरोबरच्या कुनी राहिल्यात का रे?"

मी नावं आठवू लागलो. एक मुलीकडं गेलेली, एक वारलेली, एक अशीच मुंबईला. मी गोष्टी फुगवण्यात एवढा हुशार, पण मला एकही बाई जिवंत करता येईना.

"मी सोमवारी जाते," बाय म्हणाली.

"का गो? काय कमी पडलं?"

"काय बी नाय. मला इथलं सगळं पायजे रे. पन करमत नाय. तितं खालचा वॉचमन बी विचारतो, आज उशीर का झाला. भजनाला नाय गेली तर फोन येतात. इथं मी पाहुणी."

मी मुंबईला एक लांबलचक शिवी द्यायला तोंड उघडलं आणि दिली नाही. मुंबईनं तिला धरून ठेवलं असतं तर मी सोडवून आणलं असतं. तसं काही नव्हतंच.

सोमवारी ती गेली. पुढच्या महिन्यात मी तिच्याकडं गेलो. पूर्वी मी लग्नाकार्यापुरता मुंबईला जायचो, आणि गेलो की पाणी मुद्दाम पोटभर प्यायचो, आमचंच आहे म्हणून. या खेपेला नुसता गेलो. सकाळी तिनं माझ्या हातात पिशवी दिली आणि पुढं चालू लागली. भाजीवाला, इस्त्रीवाला, लिफ्टजवळची म्हातारी, सगळ्यांशी दोन शब्द. मासळीच्या बाजारात ती एका कोळणीपुढं थांबली.

"आली काय गो बाय?" कोळीण म्हणाली.

"आली. काय हाय आज?"

आमचीच बोली. आमच्याच किनाऱ्याकडची बाई, इथं लग्न होऊन आलेली. बाय तिच्यापुढं बैठक मारून बसली, ओट्यावर बसायची तशी, आणि दोघी गावच्या वाऱ्यापासून सुरुवात करून बोलत राहिल्या. मी मागं पिशवी धरून उभा.

"हा माजा भाऊस," बाय म्हणाली. "गावाला असतो. गोष्टी लय सांगतो. सांग रे हिला गावचं काय ते."

दोघी माझ्याकडं बघू लागल्या, हसायच्या तयारीत. माझ्याकडं गोष्टी भरपूर होत्या. मी तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"बाय, ये ना गो घरी," मी म्हटलं.

कोळीण पाणी शिंपडायची थांबली. बायनं खाली बघितलं, एक मासा उलटा केला, कल्ला उचलून लाली बघितली. मग कोळणीला म्हणाली, "आनखी दोन टाक. भाऊस जेवायला हाय आज."