फिट माणसाचा मुआवजा

तुमसर रोडच्या फलाटावर मी रडले नाही. गाडी जेमतेम थांबायची, आणि तेवढ्यात तांदळाचं पोतं, लोखंडी पेटी, गादीची वळकटी आणि शिलाई मशीन डब्यात चढवायचं होतं. माय खिडकीशी येऊन पदर तोंडाला लावून उभी राहिली, तर मी तिला म्हटलं, "सरक वो, पेटी घेऊ दे." बाबा गाडी हलेपर्यंत जावयाला एकच गोष्ट सांगत होते. "पाहुणे, साहेबापुढं कवा दुखते मनू नोका. दुखते मनलं का काम गेलंच समजा." माझा नवरा सुखदेव तेव्हा भिलाईला ठेकेदाराकडे रिगर म्हणून लागला होता. क्रेनला ओझं बांधायचं आणि हाताच्या खुणांनी ते हलवून घ्यायचं, हे रिगरचं काम. "नाही मनत, मामाजी," ते हसून म्हणाले.

गावाकडच्या तुम्हा सगळ्यांना, आणि आमच्यासारखं इकडे येऊन राहिलेल्यांनाही, हे लिहिते आहे. कारण तुमच्यापर्यंत निम्मीच गोष्ट पोचली: सुखदेवच्या बायकोने भर कोर्टात नवऱ्याला वेडा ठरवलं. उरलेली निम्मी माझ्याकडून ऐका.

भिलाईच्या पावर हाउस स्टेशनला उतरलो तेव्हा मला हिंदी येत नव्हती. भाजीवालीकडे भेदरं, म्हणजे टमाटे, मागितली तर ती बघत राहिली. इकडे त्यांना पताल म्हणतात. रिसालीत एका खोलीत सुरुवात केली, पुढे तिथेच दोन खोल्यांचं स्वतःचं घर झालं आणि नाक्यावर माझं ब्लाऊज शिवायचं दुकान. मुलगी स्नेहा इथेच जन्मली. ती वाक्य मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते. गाव मागे पडलं म्हणून हळहळायला मला सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर तसं वाटलंही नाही.

मग अपघात झाला. हे कुम्हारीहून काम संपवून मोटरसायकलने परतत होते. मागून टिपरने उडवलं. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. रायपूरला डोक्याचं ऑपरेशन झालं, बरेच दिवस शुद्ध नव्हती, मग शुद्ध आली, मग चालायला लागले. सगळे म्हणाले, देव पावला. डोक्यावर केस उगवले, जखम झाकली गेली, आणि तिथूनच आमची अडचण सुरू झाली. बाहेरून माणूस धडधाकट दिसायचा. आत काय झालंय ते फक्त आम्हा मायलेकींना ठाऊक. रिकामी कढई गॅसवर ठेवून विसरायचे. मध्येच ताट भिरकावायचे. पहाट झाली की बूट घालून ड्यूटीला निघायचे, म्हणून मी फाटकाला कुलूप लावायला लागले. जुनं सगळं लख्ख आठवायचं, सकाळचं दुपारी पुसलेलं.

एकटं सोडता येत नव्हतं आणि दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं. त्यांच्याजवळ दिवसभर बसायला पगारी माणूस हवा होता. तो पगार द्यायचा म्हणून मी टिपरच्या विमा कंपनीविरुद्ध दुर्गच्या कोर्टात क्लेम टाकला. इकडे त्याला मुआवजा म्हणतात. यांच्या डोक्याला कायमची इजा झाली आहे, हे कोर्टाला पटलं तर माणूस ठेवता येणार होता. नाही पटलं, तर कोण जाणे.

पेशीच्या, म्हणजे कोर्टाच्या तारखेच्या, दिवशी मी त्यांची दाढी करून दिली, इस्त्रीचा शर्ट घातला. जजसाहेबांनी विचारलं, "कैसे हैं आप?"

हे ताठ उभे राहिले. "फिट हूँ, साहब."

"सिर में दर्द? चक्कर?"

"कभी नहीं, साहब."

"काम कर लेते हैं?"

"जो बोलो, साहब."

नाव, पत्ता, काम, सगळं बिनचूक सांगितलं. कंपनीच्या वकिलांनी फाईल मिटली. "मुझे और कुछ नहीं पूछना."

बाहेर व्हरांड्यात आमच्या वकीलबाई माझ्यावर चिडल्या. "भाभी, घर से समझाकर नहीं लाईं इनको?"

"समझाने से समझते, मैडम, तो केस काहे को करते?"

ऑटोत बसलो तर हे खुशीत होते. म्हणाले, "साहेब चांगला होता. नजर नाही तपासली पन. पास कवा भेटन?"

"कोनता पास?"

"गेटपास! मेडिकल झालं ना आता?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ठेक्याच्या माणसांचा प्लांटमध्ये, म्हणजे पोलाद कारखान्यात, जायचा पास ठरावीक काळाने नवा करावा लागतो आणि त्याआधी मेडिकल होतं. टेबलामागे साहेब, समोर रांग. आमची सगळी माणसं तिथे एकच उत्तर देतात, अंगात ताप असला तरी. यांनी अर्धं आयुष्य तेच उत्तर दिलं होतं. जजसाहेबांचं टेबल बघून तेच तोंडातून निघालं.

मी वकीलबाईंना सांगितलं. त्या गंभीर झाल्या. "बात सही है. लेकिन वो बोलेंगे, सिखाकर लाए हैं." तरी त्यांनी अर्ज दिला: बायकोची साक्ष घ्या, यांना पुन्हा विचारा. कंपनीने हरकत घेतली आणि दुसरीकडून निरोपही पाठवला, थोडंफार घ्या आणि मिटवा.

हे गावाला कळलं आणि मोठे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, आले. आमच्यात भासरा भावसुनेशी समोरासमोर बोलत नाही. जेवायला बसले आणि माझ्या मुलीकडे तोंड करून म्हणाले, "स्नेहा, तुह्या मायले सांग, देऊन राहिले तेवढं घे अन् गावाले चाल. आपल्या मानसाले भर कोर्टात पागल मनाचं असते का? उद्या तुले पाहाले कोन येईन?"

मी त्यांच्या समोरच पोळी लाटत होते. "स्नेहा, मोठ्या बाबाले इचार, गावाले तुह्या बाबाले दिवसभर धरून कोन बसन? धान सोडून मोठे बाबा बसतीन का?"

"मैं पोस्ट ऑफिस हूँ क्या?" स्नेहा भडकली. "तुमीच बोला ना डायरेक्ट!"

मग मी बोलले. लाटणं खाली ठेवलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहून बोलले. "भाऊजी, पागल मनाले मले मजा येऊन नाही राहिली. मानूस ठेवाचा हाय. त्याचा पगार कोन देईन ते सांगा. तुमी सांगाल तसं करतो."

भासऱ्यांनी ताट पुढे सरकवलं. मग म्हणाले, "स्नेहा, तुह्या मायले सांग, वरन वाढ." पण पुढच्या पेशीपर्यंत ते थांबले.

आमचा अर्ज मंजूर झाला होता; त्या पेशीला माझी साक्ष झाली आणि कंपनीच्या वकिलांनी उलट विचारलं. "पिछली बार इन्होंने सब सही बताया. आप कहती हैं दिमाग पर असर है. मतलब पागल हैं?"

हे बाकावर बसून माझ्याकडे बघत होते. मागे भासरे. "पागल नहीं हैं," मी म्हटलं. "पर अकेले नहीं छोड़ सकते." आणि मग सगळं सांगितलं. कढई, ताटं, कुलूप. न्हाणीत पाणी घेतल्यावर पुढे काय करायचं ते सुचत नाही, म्हणून मीच अंघोळ घालते, हेही. जन्मात कधी हात उगारला नव्हता त्या माणसाने माझ्यावर उगारला, पोरीवर उगारला, आणि थोड्या वेळाने आम्ही का रडतो ते आम्हालाच विचारलं. हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. बरं झालं हिंदीत बोलावं लागलं. आपल्या भाषेत ते शब्द माझ्या तोंडून निघाले नसते.

"सिखाई हुई बातें हैं, साहब," वकील म्हणाले.

जजसाहेबांनी यांना पुढे बोलावलं. पुन्हा 'फिट' म्हणाले की संपलं.

"आज यहाँ किसलिए आए हैं?"

"मेडिकल के लिए, साहब."

जजसाहेब पुढे वाकले. म्हणाले, "इधर देखिए."

यांनी डावा तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला आणि जजसाहेबांच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं ते मोठ्याने वाचायला लागले. महिना वाचला, वार वाचले. मग हात बदलून उजवा डोळा झाकला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चुकायला नको म्हणून सावकाश, शाळेतल्यासारखं. टाइप करणाऱ्याचे हात थांबले. कोणी हसलं नाही.

"किसने भेजा आपको?" जजसाहेबांचा आवाज खाली आला होता.

यांनी ठेकेदाराचं नाव घेतलं.

मागून भासरे उठले, हात जोडलेले. तरुणपणी तेही एक उन्हाळा त्याच ठेकेदाराकडे राबले होते. "साहब, वो ठेकेदार को मरके जमाना हुआ. हम दोनों भाई उसकी मट्टी में गए थे."

"आप बैठिए," जजसाहेब म्हणाले. पण रागाने नाही.

बाहेर आल्यावर यांनी विचारलं, "पास झालो का वो?"

"झाले," मी म्हटलं. भासरे तोंड फिरवून पान लावून घेत होते, पान खायची त्यांना सवय नसताना.

निकाल आमच्या बाजूने लागला, सांभाळायला माणूस लागेल हे त्यात धरून. कंपनी अपिलात बिलासपूरला गेली, ते अजून चालू आहे. पण रकमेतला एक भाग मिळाला, बँकेत ठेवला, आणि त्याच्या व्याजातून मनहरण नावाचा भला माणूस माझ्या दुकानाच्या वेळात यांच्याजवळ बसतो. स्नेहाचं लग्न जमायचं तेव्हा जमेल. ती नोकरी करते आहे.

भासरे आता माझ्याशी थेट बोलतात. त्यांनीच आग्रह केला म्हणून दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, आम्ही गावी गेलो. तुम्ही सगळे प्रेमाने आलात, ते खोटं म्हणत नाही. पण येणारा प्रत्येक जण यांच्यासमोर बसायचा आणि म्हणायचा, "ओळखलं का मले? सांग बरं मी कोन?" माझ्या मायनेही तेच विचारलं. हे एकेक नाव चाचपडत होते. चुकलं की तुम्ही हसायचात, पुन्हा विचारायचात. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची चाहूल लागली की हे उठून गोठ्यात जाऊन बसायला लागले. मी पिशवी भरली. तुम्हाला राग आला असेल तर त्याचं कारण हे.

परतीच्या गाडीत हे खिडकीकडे तोंड करून बसले. रिसालीत ऑटोतून उतरलो तर गल्लीच्या तोंडाशीच राहणारी साहूबाई म्हणाली, "भैया, मैं साहू वाली भाभी. आ गए?" पलीकडून मनहरण आला आणि पिशवी घ्यायला हात पुढे केला, "मैं मनहरण, भैया, थैला देव." आमच्या गल्लीत आता सगळे आपलं नाव आधी सांगतात. कोणी ठरवलं नव्हतं, मी तर कोणाला सांगितलंही नव्हतं. मी तशीच ऐकत उभी होते.

"थांबली कावून?" हे मागून म्हणाले. "घर उघड ना."