आपल्याच कायद्याविरुद्ध

मेजरसाहेब सोमवारी गेले. बुधवारी चक्कीच्या केसची तारीख होती.

तुमच्यापैकी जे कधी इंदूरच्या कोर्टात गेले असतील, त्यांनी त्यांना पाहिलं असेल. समोरच्याने समझोत्याची गोष्ट काढली की ते कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "हां भिया, अब बोलो." मग समोरचा कितीही बोलो, ते शांतपणे चहा पीत.

आधी फौज, मग वकिली, मध्ये एकदा आमदारकी. दुसऱ्यांदा तिकीट मिळालं नाही तेव्हा बरं झालं म्हणाले; भोपाळला फार बसावं लागतं, गुडघे आखडतात. मी त्यांची ज्युनियर.

पिठाची चक्की मल्हारगंजातली, भाड्याच्या जागेत. नवऱ्यामागे आमच्या अशील काकू ती चालवतात आणि तिच्याच मागच्या खोलीत राहतात. जागा एका बिल्डरला हवी होती. त्याने ती आपल्या मेव्हण्याच्या नावावर करून घेतली, कारण मेव्हणा रिटायर्ड फौजी. अशा मालकाला जागा स्वतःसाठी हवी असेल, तर भाडेकरूला लवकर काढता येतं, असं एक कलम आहे. ते कलम आलं तेव्हा मेजरसाहेब विधानसभेत होते. त्यांनी नुसता हात वर केला नव्हता, बाजूने भाषणही ठोकलं होतं.

काकू नोटीस घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या भुवयांवरही पीठ होतं. मेजरसाहेबांनी ती दोनदा वाचली. ही केस दुसऱ्या कुणाला देऊ या का, असं मी हळूच सुचवलं.

"का? कचरा मी केला, तर झाडायला दुसरा का?"

समोरच्या वकिलाने ते जुनं भाषण कोर्टात चवीचवीने वाचून दाखवलं. मागच्या बाकांवर लोक हसले. माननीय सदस्य तेव्हा बरोबर होते की आता, असं त्याने विचारलं.

मेजरसाहेब उठले. "तेव्हा चुकलो. मी घरी परतणाऱ्या जवानासाठी बोललो होतो. बिल्डरला नाव उधार देणाऱ्यासाठी नाही. त्याला इथे उभा करा."

मेव्हण्याला हजर राहण्याचा हुकूम झाला. कोर्टाचा जिना उतरताना मेजरसाहेबांनी माझा खांदा धरला. दोन पायऱ्या उतरून थांबले. म्हणाले, "भाषण मात्र अच्छा था, बेटा."

बुधवारी समोरचा वकील माझ्याकडे आला. आधी वाईट वाटल्याचं म्हणाला, मग म्हणाला, "अब तो बैठके निपटा लो, मॅडम. बुढ़ऊ नहीं रहे." मी कुणाशी चढ्या आवाजात बोलत नाही. त्या दिवशीही बोलले नाही. नाही म्हटलं आणि आत गेले.

मेव्हणा साक्षीला उभा होता. चक्की गल्लीच्या कोणत्या बाजूला आहे, एवढंच मी विचारलं. तो आपल्या वकिलाकडे पाहत राहिला.

निकाल अजून लागलेला नाही. कब्जा काकूंकडे आहे. केस माझ्याकडे आहे.