बोंबेची वहिवाट

होळी पेटण्यापूर्वी तिची कथा सांगण्याचे काम बिबवेवाडीतील आमच्या सोसायटीत अकरा वर्षे माझ्याकडे होते. इतर लोक त्याला मान म्हणत. मी वहिवाट म्हणतो. उघडपणे, अखंड आणि कोणाच्याही हरकतीशिवाय चालत आलेल्या गोष्टीतून हक्क निर्माण होतो. ज्याची सारी नोकरी न्यायालयाच्या कचेरीत गेली, त्याला हे कोणी शिकवण्याची गरज नाही.

'अखंड' या शब्दानेच माझा घात केला.

दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली. त्या वर्षी आमच्या घरात सण नव्हता, म्हणून मी होळीला खाली उतरलो नाही. कथा सांगायला कोणी हवे, म्हणून सचिवांनी तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडकरूंना उभे केले. हे गृहस्थ खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, उंचेपुरे, मोकळ्या गळ्याचे. मी खिडकी लावून घेतली होती. तरीही मुलांचे हसणे वर आले. माझ्या कथेला अकरा वर्षांत मुले एकदाही हसली नव्हती.

माझी कथा हसण्यासारखी नव्हतीच. हिरण्यकशिपूला मिळालेला वर मी कलमवार सांगत असे: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. नरसिंहाने उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, त्यातून वाट कशी काढली, तेही सांगत असे. होलिकेचा वर सशर्त होता. अग्नीत एकटीने शिरायचे. प्रल्हादाला मांडीवर घेताच अट मोडली आणि संरक्षण संपले. शेवटी, पालथा हात तोंडावर आपटून बोंब मारणे सुसंस्कृत वस्तीत शोभत नाही, असे बजावून मी काडी ओढत असे.

पुढच्या वर्षी मी स्वच्छ धोतर नेसून खाली गेलो, तर ते गृहस्थ आधीच खड्ड्यापाशी उभे होते आणि मुले त्यांना बिलगली होती. बदलीवर आलेला माणूस जागा सोडेना! मी कथा न ऐकताच परतलो. यंदा महिनाभर आधी सचिवांना तीन पानी पत्र लिहिले आणि वहिवाट पूर्ववत करण्याची मागणी केली. फलकावर उत्तर लागले: "पत्र मिळाले. फाल्गुन लागण्यापूर्वीच शिमगा पोहोचल्याची नोंद घेतली आहे. वहिवाटीत एक वर्षाचा खंड पडल्याचे आपल्याच पत्रात नमूद आहे."

बायकोच्या वर्षाला खंड म्हणायचे? मी ते उत्तर चार वेळा वाचले. संतापाची गोष्ट अशी की कायद्याने ते बरोबर होते.

पौर्णिमेच्या संध्याकाळी मी नारळ घेऊन मागे उभा राहिलो. खड्ड्यात एरंडाची फांदी रोवली होती, भोवती गोवऱ्या रचल्या होत्या. मला पाहताच ते गृहस्थ पुढे आले.

"या साहेब! प्रल्हादाची तुम्ही सांगा. ती कलमं मला काही जमत नाहीत. मी आपली ढुंढेची सांगतो."

"मेहेरबानी म्हणून मिळालेले मी स्वीकारत नाही."

"अहो, मेहेरबानी कसली? गोष्ट आहे ती!"

मी हललो नाही. मग त्यांनी ढुंढा राक्षसीची कथा सुरू केली. ती मुलांना छळायची. शंकराने तिला वर दिला होता: देवांपासून, माणसांपासून, शस्त्रांपासून, थंडी-उन्हापासून भय नाही. "पण लहान मुलांचं नाव घालायचं राहिलं," ते म्हणाले. "पोरांना कोण विचारतंय? तिथंच फसली. पोरं जमली, शेकोटी पेटवली, वाट्टेल ते ओरडली, आणि बाई जी पळाली ती पळालीच!"

मुले खदखदली. ही कथा मला ठाऊक होती. असभ्य म्हणून मी ती अकरा वर्षे वगळली होती. आणि वरातली सर्वांत सुंदर पळवाट तिच्यातच होती. ती या माणसाला सापडावी, ज्याने जन्मात एक दस्त लिहिला नाही? त्याच्या उंचीचा, गळ्याचा मला हेवा वाटला होताच. आता त्याच्या कायद्याचाही वाटला.

होळी पेटली. मुलांनी बोंब ठोकली. कोणी गणिताच्या बाईंच्या नावाने, कोणी पाणी न सोडणाऱ्या रखवालदाराच्या. आज ज्याच्या नावाने ओरडावे त्याने रागवायचे नाही, ही रीत. मी नारळ खाली ठेवला, पालथा हात तोंडावर नेला आणि तिसऱ्या मजल्याच्या नावाने बोंब मारली. एकदा नव्हे, तीनदा. दोन वर्षे साठलेले सगळे त्यात होते.

टाळ्या पडल्या. ते गृहस्थ तर पोट धरून हसले आणि त्यांनी माझ्या नावाने तितक्याच जोराने परतफेड केली. सगळ्यांना वाटले, म्हाताऱ्याने सणाची गंमत केली. मी गंमत केली नव्हती.

"आवाज आहे हो तुम्हाला," पुरणपोळीचा तुकडा होळीत टाकत सचिव म्हणाले. "पुढच्या वर्षापासून पहिली बोंब तुमची."

"आणि कथा?"

"ती त्यांची."

मी नारळ उचलून होळीत टाकला. तो फुटेपर्यंत थांबलो.

"लेखी द्या," मी म्हणालो.