बाळ खोटं रडतंय

"हे बाळ खोटं रडतंय," मी म्हणाले.

म्हणताना माझं बोट टॉकबॅकच्या बटणावर होतं. स्टुडिओत काचेच्या एका बाजूला आम्ही बसतो आणि दुसऱ्या बाजूला कलाकार माइकसमोर उभा असतो. टॉकबॅक दाबला की आमचं बोलणं त्याच्या हेडफोनमध्ये जातं. सूचना द्यायची तर दाबायचा आणि आपसात बोलायचं तर सोडायचा, हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात. मला या कामात अकरा वर्षं झाली. त्या दिवशी बोट उचलायचं राहिलं.

काचेपलीकडे कुंदाताई होत्या. वय एकसष्ट, राहणार लालबाग. त्यांनी हेडफोन काढून हुकाला नीट अडकवला, पर्स उचलली आणि बाहेर आल्या. आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"कसं रडायचं ते तुम्ही ठरवा गो," त्या म्हणाल्या. "ठरलं की फोन कर."

दार बंद झाल्यावर आमच्या साउंड इंजिनिअरने, फ्रेडीने, झालेला टेक सेव्ह केला. फ्रेडी माहीमचा.

मी मालिकांचं पोस्ट-प्रॉडक्शन बघते. म्हणजे शूटिंग झाल्यावर आवाजाचं जे काही काम उरतं ते सगळं. परळला एका जुन्या मिलच्या आवारात आमचा स्टुडिओ आहे. पडद्यावर जे ऐकू येतं त्यातलं निम्मं तिथे तयार होतं: बांगड्या, पावलं, दाराची कडी. आणि बाळाचं रडणं. खरं बाळ सेटवर थोडाच वेळ आणता येतं आणि ते सांगून रडत नाही. म्हणून क्लोजअपला बाळ वापरतात आणि बाकीच्या शॉट्समध्ये दुपट्यात गुंडाळलेली बाहुली. हिरॉइन बाहुली जोजवते, रडणं मागून आम्ही भरतो. मराठी-हिंदी मिळून तीसेक वर्षं ते रडणं कुंदाताई देत आल्या आहेत. तोंडासमोर रुमाल धरतात, मान थोडी वाकडी करतात, आणि या ठसठशीत बाईच्या गळ्यातून तान्हं मूल बाहेर पडतं. मी त्यांच्याबरोबर कितीतरी एपिसोड केले होते. कधी काही खटकलं नव्हतं.

मधे फक्त एक गोष्ट झाली होती. मला मूल झालं होतं.

रेवा तेव्हा सात महिन्यांची होती. सहा महिन्यांची रजा संपवून मी नुकतीच कामावर आले होते. रजेत मी पहिल्यांदाच मालिका प्रेक्षकासारख्या पाहिल्या, मांडीवर पोर आणि आवाज बारीक. आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही लोकांना काय काय दाखवत आलोय. मालिकेतलं बाळ जन्मतःच मान धरतं. त्याची आई बाराव्या दिवशी काठपदराची साडी नेसून, केस मोकळे सोडून जिना उतरते. माझे केस त्या सुमारास मूठमूठ गळत होते आणि मी दिवसभर नवऱ्याच्या, अभयच्या, जुन्या शर्टात असायचे. तीन बायका बाळाच्या डोक्याशी उभ्या राहून भांडतात, वर ढग गडगडतात, आणि बाळ झोपलेलं असतं. तो गडगडाट टाकणारी मीच. आमच्याकडे चिंचपोकळीला कुकरची शिटी झाली की रेवा दचकून उठायची, म्हणून सासूबाईंनी महिनाभर डाळ पातेल्यात शिजवली.

सगळ्यात हेवा वाटायचा तो लीपचा. लीप म्हणजे कथानकाची उडी. एक ब्रेक होतो आणि पाळण्यातलं मूल थेट कॉलेजात जाताना दिसतं. सुरुवातीच्या आठवड्यांत मी देवाकडे एवढंच मागत होते.

आम्ही ठरवलं होतं की मुलीला स्क्रीन दाखवायची नाही. ते पाळलंही. पण मालिकेचं टायटल साँग लागलं की ती रडायची थांबायची. पोटात असताना तिने ते मिक्सिंगला किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. सासूबाई नातेवाइकांना कौतुकाने सांगायच्या. मला मात्र आपण पोरीला आधीच कामाला लावलंय असं वाटायचं.

तर रडणं. पूर्वी माझ्यासाठी ती एक फाइल होती. आता मला भुकेचं वेगळं ऐकू यायचं, झोपेचं वेगळं, आणि उगाचचंही वेगळं. त्यात एक असं होतं की आधी आवाजच येत नाही. तोंड उघडं, चेहरा लाल आणि श्वास अडकलेला. एक सेकंद, दोन सेकंद. मग फुटतं. त्या दोन सेकंदांत मी हातातलं सगळं टाकून धावायचे. कुंदाताईंच्या रडण्यात ते कुठेच नव्हतं. त्यांचं बाळ एका लयीत रडायचं, हिरॉइन बोलायला लागली की हळू व्हायचं आणि तिचं वाक्य संपलं की पुन्हा सुरू. समजूतदार बाळ होतं ते.

आणि एपिसोड मोठा होता. मोठी सून आपलं सहा महिन्यांचं मूल धाकट्या जावेला कायमचं देऊन टाकते. मूल एका हातातून दुसऱ्या हातात जातं आणि रडतं. सगळा सीन त्या रडण्यावर उभा. मंगळवारी टेलिकास्ट होतं आणि आम्ही गुरुवारी दुपारी बाळाविना बसलो होतो.

चॅनेलची ईपी, म्हणजे आमच्यावर देखरेख करणारी कार्यकारी निर्माती, नेहा. तिला फोन केला. ती म्हणाली, लायब्ररीतून घ्या. आम्ही लायब्ररी उघडली. तयार आवाजांचा साठा असतो तो. फ्रेडीने पहिली फाइल लावली आणि लगेच बंद केली.

"मॅडम, हे बाळ माझ्या तीन सिरियलमध्ये रडलंय. आता त्याची पोरं रडत असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवाच्या लसीची तारीख होती. दादरच्या दवाखान्यात आम्ही दोघं तिला घेऊन गेलो. हे ठरवून केलं नाही असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. पण पर्समध्ये फोनला जोडायचा छोटा माइक होता, आणि तो आपोआप आला नव्हता. मनात हिशेब सोपा होता. इंजेक्शन तसंही देणारच होते आणि ती तशीही रडणारच होती. मी तिला रडवत नव्हते.

सिस्टर सुई घेऊन आल्या. रेवा माझ्या मांडीवर होती. तिला मी डाव्या हाताने धरलं होतं आणि उजव्या हातात फोन होता.

"फोन ठेवा ना," सिस्टर म्हणाल्या. "बाळाला धरा दोन्ही हातांनी."

मी फोन ठेवला नाही. अभयने पुढे होऊन तिचे पाय धरले. सुई गेली. रेवाने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि ते दोन सेकंद आले. मग ती फुटली. माझी नजर तेव्हा फोनवरच्या लेव्हलच्या पट्टीवर होती. आवाज फाटत नाही ना, ते बघत होते.

परतताना टॅक्सीत अभयने रेवाला स्वतःकडे घेतलं. घरी पोचल्यावर रेवाला तोच झोपवत बसला.

दुपारी मी फ्रेडीला फाइल दिली. कुणाची आहे ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याने आवाज साफ केला आणि मग तुकडे पाडायला घेतले. आमचं काम तसंच चालतं. एक तुकडा घ्यायचा आणि जागेवर बसेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवायचा. तो श्वास अडकल्याचा तुकडा त्याने लूपवर टाकला. अडकला, फुटला. अडकला, फुटला. पाचव्या की सहाव्या वेळेला माझा कुर्ता समोरून ओला झाला. पान्हा फुटला होता. रेवा चिंचपोकळीला आजीजवळ शांत झोपलेली, आणि माझं शरीर परळच्या स्टुडिओत स्पीकरला दूध पाजायला निघालेलं. मी टेबलावरची कागदांची फाइल छातीशी धरून वॉशरूममध्ये गेले.

संध्याकाळी नेहा प्रीव्ह्यूला आली. सीन सुरू झाला, मूल हातातून हातात गेलं आणि रेवा रडायला लागली. नेहा आधी खुर्चीत मागे सरली. थोड्या वेळाने तिने हात वर केला.

"थांबव," ती म्हणाली. "त्या बाळाला काय झालंय? कुणीतरी त्याला काहीतरी करतंय असं वाटतंय."

मी म्हटलं, खरं रडणं असंच असतं.

"असेल. पण मला उठून जावंसं वाटतंय. आणि मी उठले तर प्रेक्षक कशाला बसेल?"

ती बरोबर होती. शिवाय हिरॉइनचा एक शब्द कळत नव्हता. खरं बाळ बाईच्या आवाजाच्या पट्टीतच घुसतं आणि कुणाच्या डायलॉगसाठी थांबत नाही. रागवायला मला जागाच नव्हती. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं. नेहा गेल्यावर मी फ्रेडीला सगळं डिलीट करायला सांगितलं, बॅकअपमधलंसुद्धा. त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, "बेबी तुमची होती ना?" मी मान हलवली. त्याने माझ्यासमोर एकेक तुकडा काढून टाकला. फोनमधलं मी काढलं.

घरी अभयला सांगितलं. तो एवढंच म्हणाला की रेकॉर्डिंगचं त्याला काही नव्हतं, तू तिला एका हातानं धरलं होतंस त्याचं वाईट वाटलं.

शनिवारी दुपारी रेवाला घेऊन मी लालबागला गेले. कुंदाताईंच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे आणि त्या चौदाव्या मजल्यावर राहतात. फोन करून गेले नव्हते. फोनवर माफी मागितली असती तर त्यांनी "अगो, जाऊ दे" म्हणून फोन ठेवला असता. दार उघडून त्यांनी आधी रेवाला घेतलं आणि मग मला आत बोलावलं.

टॉकबॅकवरचं बोलणं चुकून ऐकू गेलं असं मी म्हणाले नाही. चुकीच्या पद्धतीने सांगितलं, असं म्हणाले. मग दवाखान्याचं, फोनचं आणि कुर्त्याचं सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत होत्या. रेवा त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या मंगळसूत्राशी खेळत होती.

मग त्यांनी तोंडासमोर पदर धरला आणि आपलं नेहमीचं रडून दाखवलं. रेवाने वर बघितलं. तिला गंमत वाटली. ती हसली, हात हलवले, आणखी हवं म्हणून पदर ओढला.

"आता बघ," कुंदाताई म्हणाल्या.

त्यांनी पदर खाली घेतला. तोंड उघडलं. श्वास आत अडकला आणि तसाच राहिला. एक, दोन. आणि मग जे आलं ते पुरतं एक सेकंदही नसेल. रेवाचं हसू गेलं. खालचा ओठ बाहेर आला, डोळे भरले. कुंदाताई तिथल्या तिथे थांबल्या आणि तिला उराशी धरून फेऱ्या मारायला लागल्या.

"येतं तुम्हाला," मी म्हणाले.

"येतं की. पहिल्यांदा असंच रडले होते मी." त्या खिडकीशी थांबल्या. "माझा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा. शेजारणीकडे ठेवून मी डबिंगला जायची. मी दारातून निघाले की तो असाच श्वास धरायचा. तेच स्टुडिओत जाऊन केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझा ब्लाउज ओला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. घरी पोर उपाशी नि मी इथे वाहतेय. मग म्हटलं, असं नाही जमायचं. म्हणून खोटं रडायला शिकले गो. तुला वाटलं मला खरं येत नाही."

रेवा त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. तिला उठवू नको म्हणाल्या, म्हणून मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. चहा झाला, खोबऱ्याच्या वड्या झाल्या. मुलगा आता पुण्याला असतो आणि रविवारी व्हिडिओ कॉल करतो, हे कळलं. सीनबद्दल त्यांनीच विचारलं. मूल नेमकं कुठल्या वाक्याला हातातून जातं, त्याआधी शांत असतं की कुरकुरत असतं, आणि आई त्याच्याकडे बघते का. मी इतकी वर्षं त्यांना फक्त "इथे रडा" एवढंच सांगत आले होते.

सोमवारी त्या वेळेआधी आल्या. मूल हातातून सुटतं तिथे त्यांनी तो श्वास एकदाच घेतला. पुढचं सगळं त्यांचं नेहमीचं, लयीतलं, डायलॉगला वाट देणारं. एका टेकमध्ये ओके. फ्रेडीने दुसरा टेक मागितलाच नाही. नेहाने सीन पूर्ण पाहिला, उठली नाही, आणि शेवटी म्हणाली की लायब्ररीत चांगलं सापडलं की. मी कुंदाताईंचं नाव सांगितलं आणि ते श्रेयनामावलीत घालायला लावलं. ते यादीच्या तळाशी आलं आणि भर्रकन गेलं, पण आलं. तीस वर्षांत ते कुठेच आलं नव्हतं.

मंगळवारी एपिसोड लागला तेव्हा सासूबाईंनी त्या सीनला डोळे पुसले. मग मला म्हणाल्या, बाळाचं काम करणारं पोर किती गुणी आहे.

या प्रकरणातून मी दोन गोष्टी पक्क्या केल्या आहेत. एक, घरातला आवाज स्टुडिओत न्यायचा नाही, कितीही चांगला असला तरी. दुसरी, कलाकाराचं काही चुकतंय असं वाटलं, तर त्याने ते तसं का ठेवलंय हे आधी विचारायचं. बहुतेक वेळा त्याला माहीत असतं.