कोऱ्या डीव्हीडीचा भाव

ओळखपत्र क्रमांक सात, उत्तर विभाग. धारकाचे नाव: श्री. श्रीराम कारभारी औताडे. पद: क्षेत्रीय पडताळणी अधिकारी. कार्यक्षेत्र: चंदीगड, मोहाली, पंचकुला व आवश्यकतेनुसार पिंजौर. बांधा मध्यम, वर्ण गव्हाळ, ओळखीची खूण डाव्या भुवईवर जुना व्रण. सदर धारक हे चित्रपटांच्या अनधिकृत प्रतींच्या निर्मितीस व प्रसारास आळा घालण्याच्या कामी नियुक्त असून सर्व संबंधितांनी त्यांस आवश्यक ते सहकार्य करावे.

आजवर एकाही संबंधिताने ते केलेलं नाही. कारण औताडे हे ओळखपत्र कोणालाच दाखवत नाहीत. पाळत ठेवणाऱ्यानं गळ्यात पाटी अडकवून हिंडायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. भुवईवरचा व्रण कपाटाच्या दाराचा आहे. ते दार उघडं कोणी ठेवलं, याचा घरगुती तपास अजून चालू आहे.

औताडे मूळचे कोपरगावचे. वायुदलाच्या स्टोअरमध्ये वीस वर्षं काढली, शेवटची बदली चंदीगडला झाली आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. स्टोअरमध्ये एक शिकवण पक्की मिळते: मागणीपत्राशिवाय जे बाहेर गेलं ते चोरीला गेलं. औताड्यांनी ती स्टोअरपुरती ठेवली नाही. दुधाची पिशवी ते उजेडाकडे धरून बघतात. थिएटरात कोणी मोबाइल उचलून पडद्याचं चित्रण करतंय का हे पाहायला जातात, म्हणून पडद्याकडे पाठ करून बसल्यासारखेच बसतात. "आमच्या ह्यांनी सिनेमा एकही पाहिला नाही, प्रेक्षक मात्र सगळ्या सिनेमांचे पाहिलेत," असं त्यांची बायको नीला महाराष्ट्र मंडळात सांगते. म्हणजे सांगितलं असतं. औताड्यांनी मंडळात आपण विम्याचे सर्व्हेअर असल्याचं सांगून ठेवलंय आणि नीलाला तंबी आहे.

या धंद्यात त्यांचं नाव झालं ते एका शोधामुळे. चोराला पकडायचं तर चोरामागे धावायचं नाही. कोऱ्या डीव्हीडीचा भाव बघायचा. सेक्टर बावीसच्या बाजारात दर्शनलालचं दुकान आहे. बुधवारी तिथली कोरी डीव्हीडी सातावरून आठ रुपयांवर गेली, की औताडे समजायचे, कुठेतरी कोणीतरी शुक्रवारच्या सिनेमाची तयारी करतंय. मग माल कोण उचलतो ते बघायचं आणि त्याच्या मागोमाग जायचं. बायका कांद्याचा भाव विचारतात तसे औताडे दर बुधवारी डीव्हीडीचा भाव विचारत. या युक्तीवर त्यांनी पाच वर्षांपूर्वी पिंजौरचं गोदाम पकडलं होतं. त्यात त्यांनी कोणालाच सोडलं नाही. गोदामवाला आरोपी, टेम्पोवाला आरोपी, टेम्पोवाल्याचा मेहुणा, कव्हरं छापणारा, जागामालक, जागामालकाचा भाऊ, आणि गोदामात रोज चहा पोचवणारा इसम, तोही. चहा कोणाला देतो हे चहावाल्याला ठाऊक नसतं, असं होऊच शकत नाही, हे औताड्यांचं मत पोलिसांनी शेवटी कंटाळून लिहून घेतलं. एकूण आरोपी एकतीस.

पण ते जुनं झालं. या जानेवारीत दिल्लीच्या ऑफिसातून मेघना मॅडमचा फोन आला. मॅडम मूळच्या नागपूरच्या, बोलायला गोड, म्हणून औताडे त्यांच्यापासून जास्तच सावध असत.

"औताडेजी, खरं सांगू का, आता सगळी चोरी मोबाइलवर चालते. ते बघायला इथे दोन पोरी बसवल्यात. बाजारात हिंडणारा माणूस मी कशासाठी दाखवू हो?"

"डिस्कचा धंदा संपलेला नाही, मॅडम."

"मग दाखवा ना. मार्चपर्यंत एक मोठी केस दाखवा. नाहीतर चंदीगडची पोस्ट बंद करायला सांगतायत वरून."

औताड्यांनी फोन ठेवला. वायुदलातून निवृत्त झालेल्या चोपन्न वर्षांच्या माणसाला या शहरात दुसरी नोकरी एकच मिळते: मॉलच्या दारात उभं राहून लोकांच्या पिशव्या तपासायची. हे त्यांनी नीलाला बोलून दाखवलं.

"मग बरंय की," नीला म्हणाली. "ते तर तुम्ही फुकटातही करता."

मुलगी आश्लेषा कानातला इअरफोन काढून म्हणाली, "पापा, डीव्हीडी अब कौन देखता है यार? प्लेअर ही नहीं है किसी के पास."

"तेच तर," औताडे म्हणाले. "बघणारा कोणी नाही, आणि भाव सोळा रुपये. याचा अर्थ काय?"

आश्लेषानं इअरफोन परत घातला.

फेब्रुवारीत भाव चोवीसवर गेला. औताड्यांना रात्री झोप लागेना, पण ती आनंदानं. आठवड्यात आठ रुपयांची उडी त्यांनी भरभराटीच्या काळातही पाहिली नव्हती. म्हणजे माणूस मोठा होता. बुधवारी ते दर्शनलालच्या दुकानात गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात, कोऱ्या डिस्क मागच्या फळीवर गेल्यात. औताडे तिथे लग्नाचे व्हिडिओ काढणारा म्हणून जात. दर्शनलालला ते कोण आहेत हे पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. पण गिऱ्हाईक स्वतःविषयी जे सांगेल ते मानायचं, हा त्याच्या वडिलांपासूनचा नियम होता.

"आओ जी, वेडिंगवाले साब. शादियाँ कैसी चल रही हैं?"

"ठीक. एक डब्बा पन्नासवाला."

"नहीं है."

"आणि भाव चोवीस?"

"जो चीज नहीं है, उसका रेट कुछ भी हो सकता है," दर्शनलाल म्हणाला. त्यानं मग सांगितलं, की दिल्लीच्या ठोक व्यापाऱ्यानं माल आणणं जवळजवळ बंद केलंय. जे येतं ते सगळं एकच माणूस उचलतो. आज संध्याकाळी येणार आहे. "तुम्हारी तरफ का ही लगता है. हिंदी वैसी ही बोलता है, जैसे इस्त्री करके लाया हो."

ठोक व्यापाऱ्याविषयीचं वाक्य औताड्यांनी कानाआड केलं. माल येत नाही, हे माल दडवणारा नेहमीच सांगतो.

संध्याकाळी ते समोरच्या ज्यूसवाल्याच्या आडोशाला उभे राहिले. मोसंबीचा दुसरा पेला चालू असताना दुकानासमोर एक स्कूटर थांबली. उतरलेल्या माणसाच्या डोक्यावर राखाडी लोकरीची टोपी होती आणि हातात कापडी पिशवी. पिशवीवर महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाचं वर्ष छापलेलं होतं.

ते विश्राम परब होते.

परब कुडाळचे, सैन्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. या शहरात औताडे ज्याच्या घरचं पाणी आधी वास न घेता पितात असा हा एकच माणूस. दर रविवारी दोघं सुखना तलावावर चालायला जातात आणि फारसं बोलत नाहीत. परबांनी तीन डबे पिशवीत घातले, दर्शनलालशी हात मिळवला आणि निघून गेले. औताड्यांनी मोसंबी अर्धी टाकली.

घरी आल्यावर त्यांनी नीलाला सांगितलं. ती कणीक मळत होती, तशीच मळत राहिली.

"परबभाऊजी? अहो, आपला डबासुद्धा रिकामा परत देत नाहीत ते. मागच्या वेळी सोलकढी भरून दिली."

"तेच. असा माणूस सहज नसतो."

"मग कसा असतो?"

"इतकं नीट वागायचं कारण काय त्याला?"

नीलानं कणकेवर फडकं टाकलं. "माझ्यावरही ठेवा एकदा पाळत. मी पण नीट वागते."

औताडे भुवईवरचा व्रण चोळू लागले. तिला वाटलं, ओशाळले. ते आठवत होते. परबांनी मागच्या वर्षी नवी स्कूटर घेतली. काय करता, असं कोणी विचारलं तर ते "पंचकुल्याला, कोर्टापाशी, टायपिंग" एवढंच म्हणतात आणि विषय बदलतात. शिवाय गेल्या दिवाळीपासून ते औताड्यांकडे मधूनच असे बघतात, की काहीतरी विचारायचंय आणि विचारायचं नाही. हे बघणं औताड्यांनी तेव्हाच टिपून ठेवलं होतं. आता त्याचा अर्थ लागला. माणूस मित्र असेल. पण मार्च जवळ आला होता, आणि मोठी केस स्वतःच्या पायांनी रविवारी सुखन्यावर चालायला येत होती. त्या रविवारी औताडे पाय मुरगळल्याचं सांगून गेले नाहीत. ज्याच्यावर फिर्याद करायची त्याच्याबरोबर चालणं त्यांना प्रशस्त वाटेना.

सोमवारी सकाळी ते परबांच्या स्कूटरमागे पंचकुल्याला गेले. कोर्टाच्या बाहेर टायपिंग, झेरॉक्स आणि प्रतिज्ञापत्रांची टपरीवजा दुकानं आहेत. त्यातल्या एकात परब शिरले. औताडे जरा वेळ थांबले, आणि मग आत गेले.

कोपऱ्यात पेटीएवढं एक यंत्र होतं. त्याला एकावर एक सात खाचा, प्रत्येक खाचेत एक डीव्हीडी, सगळ्या एकदम घरघरत होत्या. बाजूच्या पडद्यावर सिनेमाचं नाव आलं होतं. ते औताड्यांनी लगेच ओळखलं. पिंजौरला हाच सिनेमा सापडला होता.

"परब," ते म्हणाले. "हे तुम्ही करताय?"

परबांनी वर पाहिलं. ते घाबरले नाहीत, हे औताड्यांना पहिल्यांदा खटकलं.

"आलात? बसा," परब म्हणाले. "पाय बरा का?"

"हा सिनेमा कुठून आणला?"

"कोर्टातून."

"कोर्टातून?"

"होय तर. जप्तीच्या डिस्कची नक्कल काढायचा हुकूम असतो. पुराव्याची प्रत प्रत्येक आरोपीला द्यावी लागते ना, त्याशिवाय केस पुढे सरकत नाही." परबांनी खाचेतून एक गरम डिस्क काढली आणि फुंकर मारली. "आणि आरोपी किती? एकतीस. आता मला सांगा, चहावाल्याला कशाला घातलात हो तुम्ही?"

औताडे स्टुलावर बसले.

परबांनी त्यांना सगळं सांगितलं, घाईनं नाही, मध्ये मध्ये डिस्का बदलत. पहिल्या खेपेला एकतीस प्रती काढल्या. त्यात सिनेमाचा फक्त तुकडा होता, बचावाचे वकील म्हणाले, पूर्ण हवा. पुन्हा एकतीस. मग आरोपी एकेक करून कोर्टात येऊ लागले, की आमची डिस्क चालत नाही. चालणार कशी? डीव्हीडी लावायचं यंत्र आता कोणाकडे आहे? पण चालत नाही म्हटलं की प्रत मिळाली नाही असं होतं, प्रत मिळाली नाही की पुढची तारीख, आणि तारखेला नवी प्रत. पाच वर्षं हे चाललंय. पेनड्राइव्हवर द्या म्हटलं, तर त्यात फेरफार करता येतो म्हणून वकील नको म्हणतात. चहावाला तर दर वेळी हात जोडून नवी डिस्क घेऊन जातो. त्याच्या शेवग्यावर पोपट बसतात, तो ती झाडाला टांगतो.

"साडेचारशे तरी काढल्या असतील," परब म्हणाले. "दुसऱ्याही केसी असतात, अपघाताचं कॅमेऱ्यातलं चित्रण वगैरे. पण मोठं गिऱ्हाईक तुमचीच केस. दर्शनलाल मला म्हणतो, तुम्ही आहात म्हणून माझं दुकान."

"आणि हे तुम्हाला ठाऊक होतं? माझी केस आहे म्हणून?"

"फिर्यादी म्हणून तुमचं नाव आहे की कागदावर. दिवाळीत पाहिलं मी."

"मग बोलला नाहीत ते?"

परब जरा अवघडले. "तुम्ही मंडळात विमा सांगता. कोर्टात फिर्यादी. म्हटलं, माणूस कायतरी मोठं लपवतोय. आपण कशाला विचारा? उगाच अंगाशी यायचं." त्यांनी टोपी काढून परत घातली. "खरं सांगू, चार महिने मी तुमच्याबरोबर जपूनच चालतोय."

यंत्राची घरघर थांबली. सातही खाचांतून डिस्क एकदम बाहेर आल्या.

औताड्यांनी बाहेर येऊन मेघना मॅडमना फोन लावला आणि जे पाहिलं ते सांगितलं.

"औताडेजी, एक सुचवू?" मॅडम म्हणाल्या. "खरेदी खरी आहे ना? भावही वाढलाय. मग एवढंच लिहा. 'अज्ञात इसम मोठ्या प्रमाणावर कोऱ्या डिस्क उचलतो आहे, तपास चालू.' पुढचं वर्ष निघून जाईल तुमचं."

बोलणं गोड होतं. औताड्यांना आधी वाटलं, परीक्षा घेतायत. मग वाटलं, नाही, खरंच सांगतायत. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याचा हेतू चांगला असल्याची त्यांची खात्री पटली, आणि नेमका त्याचा उपयोग करता येण्यासारखा नव्हता. स्टोअरमध्ये माल कोणाला गेला हे माहीत असताना 'अज्ञात' असं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

"इसम अज्ञात नाही, मॅडम," ते म्हणाले. "मीच आहे तो."

अहवालात त्यांनी तसंच लिहिलं, शिवाय चहावाल्याचं नाव वगळण्याची शिफारस केली. शिफारस पोचल्याचं कोणी कळवलं नाही. मार्चअखेर पोस्ट बंद झाली. ओळखपत्र परत मागायला दिल्लीत कोणी विसरलं, की मुद्दाम मागितलं नाही, याविषयी औताड्यांना शंका आहे.

एप्रिलपासून ते एका मॉलच्या दारात उभे असतात आणि पिशव्या तपासतात. नीला म्हणते, नोकरी मानवली त्यांना. रविवारी ते आणि परब पुन्हा सुखन्यावर चालतात, आणि आता थोडं बोलतात. मंडळात औताडे अजून विम्यातच आहेत. फिर्यादी म्हणून तारखेला मात्र जावं लागतं. त्या दिवशी ते मॉलमधून रजा घेतात, ओळखपत्र खिशात घालतात आणि परबांच्या स्कूटरवर मागे बसून पंचकुल्याला जातात. मांडीवर प्रतींची पिशवी असते.

पिंजौरच्या गोदामात त्या सिनेमाच्या चौदा प्रती सापडल्या होत्या.