गरिबीचा फोटो

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. दिवाळी झाली की माझी शाळा सुटायची ती थेट पावसाळ्यापर्यंत. वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, आई आणि मी बरोबर. मला घोड्यावर बसवायचे, मुक्कामाला पोचलं की कोकरं सांभाळायचं काम माझं.

इंदापूरकडच्या आमच्या वस्तीवर एका वर्षी एक संस्था आली. ती बायकांना शिवणकाम शिकवायची, आणि एखाद्या मुलीच्या शिक्षणाचा भार परगावचं कुणी कुटुंब उचलायचं. आई शिवणाच्या वर्गाला जायला लागली आणि माझं नावही तिनंच पुढं केलं. वडील म्हणाले, "दिवाळीपतुर झालं तर झालं. न्हायतर पोरगी संगं येणार."

त्यासाठी अशा कुटुंबाला माझा फोटो पाठवायचा होता. फोटो म्हटल्यावर अख्खी वस्ती हरखली. ऊसवाल्या शेजारणीनं बोरमाळ दिली, तिच्या सुनेनं घड्याळ आणि जरीचा परकर. शेजाऱ्यांनी तर ट्रॅक्टर आणून माझ्यामागं उभा केला. भिगवणचा फोटोवाला "हस" म्हणाला आणि मी बागायतदाराच्या लेकीसारखी हसले.

फोटो धुऊन आला तसा संस्थेच्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हा बघून ते लोकच आपल्याकडं मदत मागतील!"

आई चिडलीच. "गरीब हाय म्हणून फोटोत बी गरीबच दिसायचं व्हय?"

"उद्या रोजच्या कपड्यांत आणा. दुसरा काढू."

रोजचा फ्रॉक खांद्यावर फाटलेला. तो आईनं घालू दिला तर शपथ. सकाळीच वर्गात जाऊन तिनं जुन्या लुगड्याचा नवा शिवला. नुकताच खिसा शिकली होती, म्हणून दोन्ही बाजूंना खिसे, एक वर, एक खाली.

बाईंनी निरखून पाहिलं. "रोजचा हाच का?"

"आजपस्नं हाच," आई म्हणाली.

बाईंना हसू आवरेना. फोटो निघाला.

पण दिवाळी तोंडावर आली तरी त्या कुटुंबाचा होकार येईना. वडील बिऱ्हाड बांधायला लागले आणि त्याच संध्याकाळी बाई लांबूनच ओरडत आल्या, "झालं, झालं!" आई मटकन खाली बसून रडली. मी मात्र नाचले.

वडिलांच्या निघायच्या दिवशी आई आणि मी वस्तीच्या कडेला उभ्या होतो; माझ्या शाळेसाठी आईही मागं राहणार होती. वडील आता हाक मारतील या धास्तीनं मी वाकड्या खिशांत हात घट्ट कोंबले होते. त्यांनी घोड्यावरच्या माझ्या मोकळ्या जागेकडं क्षणभर पाहिलं, दोन कोकरं उचलली आणि तिथं बसवली.